निविदेतील स्वस्ताईची किंमत कोण मोजतो?

पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरी येथे केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून काम करीत आहे. 'सीआयआरटी' या नावाने ती ओळखली जाते. वाहनांचे सुटे भाग तपासणारी आणि परिवहन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारी एक संस्था, एवढीच तिची ओळख परिसरातील बहुतेकांना असते. परंतु तिच्या मागे जो विचार होता तो सार्वजनिक खरेदीच्या आजच्या प्रश्नाकडे पाहताना आवर्जून आठवावा असा आहे. स्वातंत्र्यानंतर राज्याराज्यांत सार्वजनिक परिवहन उपक्रम उभे राहिले. टायर, स्प्रिंगा, ब्रेक लायनर या वस्तू प्रत्येकाला लागत आणि त्या बनविणारे मोठे उत्पादक मोजकेच होते. एकेकटे महामंडळ अशा उत्पादकासमोर भाव ठरविण्यास बसले म्हणजे पारडे कोणाकडे झुकते, हे सांगावयास नको. १९६५ मध्ये या उपक्रमांनी आपला अखिल भारतीय संघ स्थापन केला. संघाने सर्वांच्या वतीने एकत्रित दरकरार करावेत आणि माल कसाला उतरतो की नाही हे भोसरीच्या प्रयोगशाळेने सांगावे, अशी व्यवस्था पुढे आकारास आली. एकट्या कामगाराने मालकाशी घासाघीस करण्याऐवजी युनियन करावी, तसाच हा प्रकार होता. येथे खरेदीदार संघटित झाला होता आणि वस्तूच्या गुणवत्तेचे ज्ञान विक्रेत्याच्या जाहिरातपत्रकातून न घेता स्वतःच्या हाती ठेवीत होता.

आज 'शाश्वत खरेदी' हा शब्द सरकारी परिपत्रकांत आणि परिसंवादांत वारंवार ऐकू येतो. शासन, महापालिका, महामंडळे आणि सार्वजनिक उद्योग जी खरेदी करतात, तिचा आकार निरनिराळ्या अंदाजांनुसार राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक पंचमांशाच्या आसपास आहे. एवढा मोठा ग्राहक देशात दुसरा नाही. तो काय घेतो, कोणाकडून घेतो आणि कोणत्या अटींवर घेतो, यावर लक्षावधी श्रमिकांचे वेतन आणि कित्येक नद्यांचे पाणी अवलंबून असते. म्हणूनच हा विषय भांडारपालाच्या वहीपुरता नाही. तो राजकीय विषय आहे, आणि श्रमिकांच्या चळवळीने तो आजवर पुरेशा गांभीर्याने हाती घेतलेला नाही.

दापोडीचा धडा

भोसरीपासून हाकेच्या अंतरावर दापोडीला राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. त्यानंतर कित्येक दशके एस.टी.ची रीत अशी होती की, कारखान्यातून चॅसिस विकत घ्यावयाचा आणि त्यावरील बॉडी दापोडी, औरंगाबाद व नागपूर येथील स्वतःच्या कार्यशाळांतून स्वतःच्या कामगारांकडून बांधून घ्यावयाची. झिजलेला टायर फेकून न देता रिट्रेडिंग करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचे कारखानेही महामंडळाने स्वतःचे चालविले. जुन्या गाडीचा सांगाडा दुरुस्त करून, पत्रे बदलून, ती पुन्हा खेड्याच्या रस्त्याला लावावयाची, हे येथल्या फिटरचे, वेल्डरचे आणि सुताराचे रोजचे काम होते. वस्तू टिकवावी, दुरुस्त करावी, तिचा शेवटचा उपयोग होईपर्यंत ती वापरावी, हे आज पर्यावरणाच्या भाषेत जे सांगितले जाते ते या कार्यशाळांत हातांनी केले जात होते. या सर्व कारभारात उणिवा नव्हत्या असे नाही. सुट्या भागांअभावी गाड्या आगारात उभ्या राहत, भांडार विभागात गैरप्रकार होत आणि कामगारांच्या सूचनांना व्यवस्थापन किंमत देत नसे. तथापि गाडी कशी बनते, कशाने मोडते आणि किती वर्षे टिकते याचे ज्ञान सार्वजनिक मालकीचे होते. विकत घेणाऱ्याजवळ असे ज्ञान असले म्हणजे त्याला फसविणे अवघड जाते.

ही घडी गेल्या काही वर्षांत विस्कटली आहे. कार्यशाळांतील जागा रिकाम्या राहिल्या, पूर्ण बांधलेल्या गाड्या बाहेरून घेण्याकडे कल वळला आणि पुढे गाडीच विकत न घेता ती भाड्याने घेण्याचा मार्ग धरण्यात आला. त्यात विजेच्या बसचे युग सुरू झाले.

किलोमीटरच्या दरात काय दडले आहे?

पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या विजेच्या बस फेब्रुवारी २०१९ मध्ये रस्त्यावर आल्या. निगडी आणि भेकराईनगर येथील आगारांतून त्यांचा प्रारंभ झाला. या महामंडळाच्या तुटीचा ४० टक्के भार पिंपरी-चिंचवड महापालिका उचलते. म्हणजे भोसरीतील करदाता या बससेवेचा मालकही आहे आणि प्रवासीही. येथे आरंभीच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. विजेच्या बसला आमचा विरोध नाही. डिझेलचा धूर सर्वांत अधिक कोणाच्या फुप्फुसात जातो? नाशिक फाट्यावर बसची वाट पाहत उभ्या असलेल्या कामगाराच्या, रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या बाईच्या आणि वाहतूक पोलिसाच्या. महाराष्ट्रातील वीज अद्याप मुख्यतः कोळशावर तयार होते, हे खरे आहे. परंतु रस्त्यावरचा धूर थांबणे हा श्रमिकांच्या आरोग्याचा लाभच आहे. आमचा प्रश्न ही बस ज्या रीतीने घेतली जाते त्या रीतीविषयी आहे.

रीत अशी आहे. बस कंपनीच्या मालकीची, चालक कंपनीचा, देखभाल कंपनीची. सार्वजनिक महामंडळ आगाराची जागा देते, वाहक देते, तिकिटाचे पैसे स्वतः गोळा करते आणि कंपनीला धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर देते. जिचा दर सर्वांत कमी तिला दहा-बारा वर्षांचा ठेका. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या वतीने पाच महानगरांसाठी ५,४५० बसची एकत्रित निविदा काढण्यात आली. तीत १२ मीटर लांबीच्या बसचा सर्वांत कमी दर किलोमीटरला ४३ रुपये ४९ पैसे आला आणि विजेची बस डिझेलच्या बसहून स्वस्त झाल्याचा मोठा गाजावाजा झाला. अनेक शहरांची मागणी एकत्र करून दर उतरविणे ही कल्पना १९६५ च्या संघाचीच आहे आणि ती योग्य आहे. परंतु हा दर कशाचा बनलेला असतो ते पाहिले पाहिजे.

त्यात गाडीच्या कर्जाचे हप्ते व व्याज असते, बॅटरीची किंमत असते, चार्जिंगचा खर्च असतो, विमा असतो, देखभाल असते आणि चालक व मेकॅनिक यांचे वेतन असते. व्याजाचा दर बँक ठरविते. बॅटरीची किंमत जागतिक बाजारपेठ ठरविते. विजेचा दर आयोग ठरवितो. मग दुसऱ्या ठेकेदारापेक्षा दोन रुपयांनी खाली यावयाचे तर कात्री कोठे चालणार? उरतात ते दोनच खर्च, माणसाचे वेतन आणि गाडीची देखभाल. सर्वांत कमी दराची स्पर्धा म्हणजे या दोन खर्चांना किती दाबता येईल याची स्पर्धा होय. निविदा समितीच्या टिपणात ज्याला 'बचत' म्हणतात ती बचत चालकाच्या पगाराच्या पाकिटातून आणि ब्रेकच्या वेळेवर न झालेल्या तपासणीतून येण्याची शक्यता या पद्धतीतच अंगभूत आहे.

हे भय काल्पनिक नाही. मार्च २०२३ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ठेकेदारांनी थकलेल्या देयकांसाठी अचानक बस बंद ठेवल्या आणि हजारो कामगार व विद्यार्थी थांब्यांवर ताटकळत राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत 'बेस्ट'च्या भाड्याच्या बसवरील चालकांनी वेतनवाढीसाठी काम बंद केले. बसवर नाव 'बेस्ट'चे, गणवेश 'बेस्ट'सारखा, पण वेतन कायम कामगाराच्या जवळपासही नाही. त्यांनी दाद मागावी कोणाकडे? ठेकेदार म्हणतो, मला मिळणारा दर पुरत नाही. 'बेस्ट' म्हणते, हे आमचे कामगार नाहीत. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात अशाच भाड्याच्या विजेच्या बसने गर्दीत माणसे चिरडली. न्यायालयात दोष कोणाचा ठरेल तो ठरेल. परंतु नव्या जातीची जड गाडी हाती देण्यापूर्वी चालकाला किती दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते, हा प्रश्न त्या दिवसानंतर सर्वांनी विचारला. तो निविदा काढतानाच विचारला गेला असता तर? चालकांना प्रशिक्षण देणारी सार्वजनिक संस्था भोसरीत इतकी वर्षे उभी आहे. तिच्याकडून प्रमाणित प्रशिक्षण घेतल्याशिवाय चालकाला बस देऊ नये, ही एक ओळ करारात घालण्यास कोणता खर्च आला असता?

राज्य परिवहन महामंडळाची कथा निराळी नाही. २०२३ मध्ये ५,१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा करार झाला. ठरलेल्या वेळापत्रकानुसार बस आल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये खुद्द परिवहनमंत्र्यांना करार रद्द करण्याची भाषा करावी लागली. १,३१० बस भाड्याने घेण्याच्या दुसऱ्या एका प्रक्रियेला तर दरांविषयी गंभीर आक्षेप आल्यामुळे मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. ज्या महामंडळाच्या कामगारांनी ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत संप करून उपासमार सोसली, त्याच महामंडळात हजारो कोटींचे निर्णय अशा रीतीने झाले. कागदावर स्वस्त ठरलेली बस जर आगारातच पोहोचत नसेल, तर तिचा किलोमीटरचा दर शून्य असला तरी प्रवाशाला तिचा काय उपयोग?

हमी ठेकेदाराला, वेतनाला नाही

महापालिका आणि महामंडळे देयके वेळेवर देत नाहीत, अशी कंपन्यांची तक्रार होती. ती पुष्कळ अंशी खरी होती. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये सुमारे ३,४३५ कोटी रुपयांची एक योजना मंजूर केली. परिवहन उपक्रमाने देयक थकविले तर या निधीतून ठेकेदाराचे पैसे भागवावयाचे आणि नंतर राज्याकडून वसूल करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. ठेकेदाराच्या देयकामागे भारत सरकारची तिजोरी उभी राहिली. आम्ही विचारतो, त्याच ठेकेदाराच्या चालकाचा पगार थकला तर त्याच्यामागे अशी कोणती तिजोरी आहे?

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात, ठेकेदाराने वेतन बुडविले तर मूळ मालकाने ते द्यावे अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांत ती तरतूद शिल्लक आहे. पण मूळ कायदा २० कामगारांपासून लागू होत असे, ती मर्यादा आता ५० वर नेण्यात आली आहे. लहान लहान ठेके पाडून या मर्यादेखाली राहणे ठेकेदाराला किती सोपे आहे, हे औद्योगिक पट्ट्यातील कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही.

सार्वजनिक पैशाने काम करून घेताना कामगाराला रास्त वेतन मिळालेच पाहिजे, हा विचार आजचा नाही. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने १८९१ मध्ये रास्त वेतनाचा ठराव केला होता. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९४९ मध्ये सार्वजनिक कंत्राटांतील कामगारविषयक अटींसंबंधी ९४ क्रमांकाचा करार केला. सार्वजनिक कंत्राटातील वेतन त्याच व्यवसायातील प्रस्थापित वेतनाहून कमी असू नये, हे त्याचे सार. भारताने हा करार अद्याप मान्य केलेला नाही. ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने १९८३ मध्ये तेथील ठराव मोडीत काढला आणि पाठोपाठ सार्वजनिक सेवांच्या ठेकेदारीचा पूर लोटला. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. खासगीकरणाच्या पुरस्कर्त्यांना खरेदीच्या अटींचे महत्त्व नेमके कळते. ते आपल्याला तितकेसे कळलेले नाही.

भोसरीच्या शेडमधील प्रश्न

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती भोसरीच्या दृष्टीने जिव्हाळ्याची आहे. एस ब्लॉक, टी ब्लॉकमधील शेकडो लहान वर्कशॉपमध्ये लेथवर, ग्राइंडरवर आणि प्रेसवर जे काम चालते, त्याचा मोठा हिस्सा मोटारधंद्यासाठी आहे. इंजिनाचे, क्लचचे, गिअरबॉक्सचे, इंधन पुरवठ्याचे भाग येथे बनतात. विजेच्या गाडीत यांपैकी कित्येक भाग असणारच नाहीत. त्या शेडमध्ये काम करणाऱ्या टर्नरचे पुढे काय? लहान कारखानदाराला बँक उभे करीत नाही, मोठी कंपनी त्याचे बिल महिनोन्‌महिने अडकवून ठेवते. ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे, पण पुढची ऑर्डर जाईल या भयाने तक्रार कोण करणार? यंत्रे बदलण्याचा, नवे शिकण्याचा भार या माणसांवर एकट्यांवर टाकला तर पर्यावरणाच्या नावाने येणारे परिवर्तन त्यांना बेकारीच्या रूपानेच भेटेल. आणि मग तो कामगार पर्यावरणाच्या चळवळीकडे शत्रू म्हणूनच पाहील. तसे होऊ द्यावयाचे नसेल तर सार्वजनिक ग्राहकाने आपली क्रयशक्ती वापरली पाहिजे. केंद्र सरकारने २०१२ च्या धोरणान्वये आपल्या खात्यांना व उद्योगांना लहान उद्योगांकडून खरेदीचा ठराविक हिस्सा बंधनकारक केला. हा हिस्सा आज २५ टक्के आहे. बसच्या ठेक्यांत मात्र कंपनी आपले भाग कोठून आणते, हे विचारण्याची पद्धत नाही.

त्याच वेळी या लहान उद्योगांनाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. विद्युत-मुलाम्याचे सांडपाणी नाल्यात सोडून, कामगाराला हातमोजे व किमान वेतन न देता जो भाव उतरविला जातो, तो सार्वजनिक पैशाच्या आश्रयास पात्र नाही. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो, त्या फेसातही कोणाच्या तरी स्वस्त जॉबची उरलेली किंमत असते.

एक आक्षेप

आमचे काही सहकारीच म्हणतील की, सर्वांत कमी दराचा नियम सोडला तर अधिकाऱ्यांना आणि पुढाऱ्यांना रान मोकळे मिळेल. 'गुणवत्ता' आणि 'पर्यावरण' या नावांखाली हवा तो ठेकेदार निवडला जाईल. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. सर्वांत कमी दराचा नियम भ्रष्टाचाराला आळा घालण्यासाठीच आला आणि त्याचा काही उपयोगही झाला. परंतु त्याने भ्रष्टाचार थांबला आहे काय? एका विशिष्ट कंपनीच्याच पायात बसेल अशी पात्रतेची अट निविदेत घातली, की पुढे दर उघडताना कोणताही नियम मोडावा लागत नाही. म्हणजे मनमानीला वाव आजही आहेच. फरक एवढाच की ती कामगाराच्या बाजूने कधी वापरली जात नाही.

उपाय गुप्ततेत नसून उघडपणात आहे. निकष आकड्यांत असावेत आणि ते निविदेपूर्वी प्रसिद्ध व्हावेत. गाडीच्या संपूर्ण आयुष्याचा खर्च मोजावा. किमान देय वेतन दरात आधीच निश्चित करून टाकावे आणि स्पर्धा उरलेल्या खर्चांवर होऊ द्यावी. हे अशक्य नाही. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात संपूर्ण आयुष्याचा खर्च मोजण्याची मुभा दिली आहे. आपल्या अर्थ मंत्रालयानेही ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत, केवळ कमी दराऐवजी काही कामांत गुणवत्तेला गुण देण्याची वाट उघडली आहे. वाट आहे, तिच्यावरून कामगाराचे वेतन चालत येईल की केवळ मोठ्या कंपन्यांचे हितसंबंध, हे आपल्या दबावावर अवलंबून आहे.

आणि पर्यायाचा नमुना आपल्या शेजारीच आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने २००८ मध्ये घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. महापालिकेने सेवा घेतली ती ठेकेदाराकडून न घेता, ते काम करणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या संस्थेकडून घेतली. त्यामुळे कचऱ्यातील पुनर्वापराचा माल कारखान्याकडे गेला आणि वेचणाऱ्या बाईला ओळखपत्र व प्रतिष्ठा मिळाली. या कराराला प्रत्येक मुदतीनंतर झगडावे लागले, हेही खरे. पण सार्वजनिक खरेदी श्रमिकांच्या बाजूने वळविता येते, हे तिने दाखवून दिले.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पिंपरी-चिंचवड महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर सुमारे चार वर्षे लोकनियुक्त सभागृह नव्हते. या काळात सर्व ठेके प्रशासकांच्या सहीने झाले. म्हणून पहिले काम जुने करार बाहेर काढण्याचे आहे. माहितीच्या अधिकाराखाली बस, सफाई, उद्याने, सुरक्षा या प्रत्येक ठेक्याची प्रत मागवा. दर, वेतनाची अट आणि प्रत्यक्ष वेतन यांचा ताळा कामगारांबरोबर बसून घ्या. त्यानंतर सभागृहाबाहेर आणि आत पुढील मागण्या लावून धरल्या पाहिजेत.

ठेक्यातील वेतन कायम कामगाराच्या त्याच कामाच्या वेतनाशी जोडावे आणि ते निविदेच्या स्पर्धेतून वगळावे. ठेकेदाराचे देयक अदा करण्यापूर्वी कामगारांच्या बँकखात्यात वेतन व भविष्यनिर्वाह निधी जमा झाल्याचा पुरावा घ्यावा आणि देयकाला हमी देणाऱ्या केंद्रीय निधीतून थकीत वेतनालाही हमी मिळावी. चालकांचे प्रशिक्षण आणि बसची नियतकालिक तपासणी भोसरीच्या केंद्रीय संस्थेकडे सोपवावी. दापोडीच्या कार्यशाळेत विजेच्या बसची दुरुस्ती आणि जुन्या बॅटऱ्यांची तपासणी यांचा विभाग उघडावा, तेथील रिक्त जागा भराव्यात आणि ठेका संपेल त्या दिवशी सार्वजनिक महामंडळ स्वतः बस चालवू शकेल अशी तयारी आजपासून करावी. सुट्या भागांचा ठराविक हिस्सा, वेतन व सांडपाणी यांच्या अटी पाळणाऱ्या लहान कारखान्यांकडून आणि कामगारांच्या सहकारी संस्थांकडून घेण्याचे बंधन करारात असावे. आणि भारताने ९४ क्रमांकाचा करार मान्य करावा, यासाठी सर्व कामगार संघटनांनी एकमुखाने आवाज उठवावा.

या मागण्यांनी बसचा किलोमीटरचा दर काही रुपयांनी वाढेल, हे आम्ही लपवीत नाही. परंतु तो खर्च आजही कोणीतरी सोसतोच आहे. चालक तो बारा-चौदा तासांच्या पाळीने सोसतो, प्रवासी बंद पडलेल्या बसने सोसतो आणि नदीकाठचा गाव दूषित पाण्याने सोसतो. हा खर्च अंदाजपत्रकाच्या बाहेर ठेवला की निविदा स्वस्त दिसते. तो अंदाजपत्रकात आणावयाचा आणि सर्वांनी मिळून उचलावयाचा, एवढाच या लढ्याचा अर्थ आहे. महापालिकेच्या पुढील अंदाजपत्रकापूर्वी प्रत्येक आगारात आणि प्रत्येक वस्तीत हा हिशेब मांडण्याच्या कामाला कार्यकर्त्यांनी लागावे.